दूरची शिकवणी आणि गावचा दवाखाना

जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठी घरांना १९५६ सालची वाटणी अजून विसरता आलेली नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण इकडे राहिलो, एवढे सर्वांच्या ध्यानात असते. पण त्याच वाटणीत आणखी एक लहानशी अदलाबदल झाली. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका नांदेडकडे गेला, आणि नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याचा मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आदिलाबादला जोडला गेला. ज्या बासरच्या सरस्वतीपुढे आपल्यातील कितीतरी घरांनी मुलांच्या हाती पहिली पाटी दिली, ते बासर या मुधोळच्याच शेजारचे. घरात एक बहीण किनवटला दिलेली आणि दुसरी मुधोळकडे, अशी उदाहरणे मला माहीत आहेत. दोघी एका जिल्ह्याबाहेर न जाता परराज्यवासी झाल्या नाहीत, एवढेच काय ते बाकी राहिले.

आज या दोन्ही तालुक्यांची आठवण मात्र निराळ्या कारणाने निघाली. तिथे आता एक नव्या तऱ्हेची शाळा भरते. तिच्यात विद्यार्थी आहेत परिचारिका, उपकेंद्रावरचे डॉक्टर, गावातल्या डोळ्यांच्या केंद्रावर बसणारी तरुण मुले; आणि गुरुजी बसलेले असतात साठ-सत्तर कोसांवर, हैदराबादेत किंवा आणखी कुठे. मध्ये असतो एक पडदा आणि पावसाळ्यात हमखास तुटणारी तार. मी काही वैद्य नव्हे. परंतु शिकवण्याचा धंदा जन्मभर केला असल्यामुळे कुठलीही शाळा दिसली की तिच्यात डोकावण्याची खोड सुटत नाही.

आधी थोडे आपल्या गावाविषयी. वैद्यकाचे ज्ञान लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या दारी नेण्याचा विचार हैदराबादला नवा नाही. १८४६ साली इथे वैद्यकशाळा निघाली तेव्हा पाश्चात्य वैद्यक उर्दूतून शिकविले गेले. पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर तिथेही संस्थान संपेपर्यंत वैद्यकाचे शिक्षण उर्दूतून दिले गेले. आपल्या मराठी मंडळींना त्या उर्दूचा जाच झाला हे खरे, आणि म्हणूनच विवेकवर्धिनीसारख्या संस्था आपल्याला जिवापाड जपाव्या लागल्या. पण रोग्याची नाडी पाहणाऱ्याला इंग्रजी आलेच पाहिजे असे नाही, ही गोष्ट त्या काळी इथल्या सरकारला कळली होती, एवढे मान्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. १९८२ साली याच शहरात आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ सुरू झाले. भारतातले ते पहिले मुक्त विद्यापीठ. १९९१ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने चालते. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी. हे गृहस्थ राज्यशास्त्राचे, पंचायत राज्याचा अभ्यास केलेले, त्यामुळे खेड्यातल्या माणसाला शहराने काय द्यायचे असते याचा त्यांना अंदाज होता. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशालाही प्रवेशपरीक्षा देऊन पदवीच्या वर्गात येता यावे, ही त्यांची सोय त्या वेळी पुष्कळांना अब्रह्मण्य वाटली. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा तेही उभे करायला रेड्डींनाच बोलावले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झाले, त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. त्या नाशिकच्या विद्यापीठाने गावच्या आरोग्यसेवकासाठी मराठीतून ‘आरोग्यमित्र’ हा शिक्षणक्रम काढला, त्यामागे डॉ. श्याम अष्टेकर यांची मेहनत होती. आणि दिल्लीच्या विद्यापीठाने गेल्या दशकात परिचारिकांसाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम तयार केला. उपकेंद्रावर आज जो ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ दिसतो, त्याला बहुधा असा सहा महिन्यांचा सेतू ओलांडून यावे लागते. म्हणजे हैदराबादच्या एका कल्पनेचे पाणी फिरत फिरत किनवटच्या उपकेंद्रापर्यंत गेले.

असे लिहिले की सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटते. तसे झालेले नाही.

ज्यांना स्मरत असेल त्यांनी १९७७ ची गोष्ट आठवावी. त्या वर्षी गांधीजयंतीला जनता सरकारने गावोगावी आरोग्यसेवक नेमण्याची मोठी योजना आणली. हजार वस्तीमागे एक माणूस, गावानेच निवडलेला. तीन महिन्यांचे शिक्षण, महिन्याला पन्नास रुपये मानधन, औषधांची एक पेटी. कल्पना चांगली होती. पण तीन महिने संपले की त्या सेवकाला कोणी विचारणारे उरत नसे. पेटीतली औषधे संपली, पुस्तकाची पाने सुटली, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नव्हती ते प्रश्न तसेच राहिले. योजनेचे नाव बदलले, मग पुन्हा बदलले, आणि शेवटी ती विरून गेली. माणसे नालायक होती असे मला वाटत नाही. शिकवणी संपल्यानंतरच खरी शिकवणी लागते, हे योजना करणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला एका पुणे शिक्षित डॉक्टरच्या ध्यानी आली. संजीव अरोरा हे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेले आणि न्यू मेक्सिको प्रांतात अल्बुकर्की येथे यकृताच्या रोगांवर काम करू लागले. प्रांत विस्ताराने मोठा, वस्ती विरळ. ‘हेपटायटिस सी’ या काविळीच्या जातीचे रोगी त्यांच्याकडे येण्यासाठी आठ आठ महिने वाट पाहत. त्या वेळचे उपचारही सोपे नव्हते. औषधांनीच रोगी हैराण होई, आणि खेड्यातला डॉक्टर त्या औषधांना हात लावायला धजत नसे. २००३ साली अरोरांनी रोग्यांना शहरात आणण्याऐवजी खेड्यातल्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा पडद्यापुढे एकत्र बसविण्यास सुरुवात केली. व्याख्यान थोडे. मुख्य काम असे की प्रत्येकाने आपला एक रोगी, नाव न सांगता, सर्वांपुढे मांडायचा, आणि त्यावर सर्वांनी बोलायचे. पुढच्या आठवड्यात तोच रोगी पुन्हा: ताप उतरला का, रक्त कमी झाले का, औषध कमी करावे का.

२०११ साली या प्रयोगाचे निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. सोळा गावचे दवाखाने आणि पाच तुरुंग यांतील रोगी एकीकडे, विद्यापीठाच्या रुग्णालयातील रोगी दुसरीकडे, मिळून ४०७. विषाणू समूळ गेलेल्या रोग्यांचे प्रमाण विद्यापीठात ५७.५ टक्के निघाले आणि गावांत व तुरुंगांत ५८.२ टक्के. दशांशाच्या फरकाला महत्त्व नाही. पण ज्या औषधाला गावचा डॉक्टर भीत होता ते औषध त्याने तज्ज्ञाच्या तोडीने दिले, आणि रोग्याला गाव सोडावे लागले नाही. ही पद्धत ‘इको’ या नावाने नंतर पुष्कळ देशांत गेली; आपल्याकडेही ती चालते.

जिथे डॉक्टर पोहोचत नाही तिथे निदान आवाज पोहोचवावा, हे शहाणपण त्याहूनही जुने आहे. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात १९२९ पासून पायाने पायटे मारून वीज निर्माण करणारा बिनतारी यंत्रसंच गुरे पाळणाऱ्यांच्या घरी असे. पुढे १९४२ पासून औषधांच्या पेट्या आल्या, त्यांतल्या प्रत्येक औषधावर नुसता आकडा. डॉक्टर दुरून सांगे, अमुक नंबरच्या दोन गोळ्या द्या. फार उपयोगी सोय. पण ती शिकवणी नव्हे. नंबराची गोळी देणाऱ्या गृहिणीला ती का दिली हे कळत नसे, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा विचारावेच लागे. आपल्याकडील पडद्यावरच्या दवाखान्यांचे मला कधी कधी असेच वाटते. ‘ई-संजीवनी’वरून हजारो उपकेंद्रे डॉक्टरांशी जोडली गेली हे उत्तम झाले, तरी पलीकडचा डॉक्टर नुसते औषधाचे नाव सांगून पडदा बंद करतो की दोन वाक्ये जास्त बोलतो, यावर उपकेंद्रावरची बाई पाच वर्षांनी कुठे असेल हे ठरते.

मुधोळची गोष्ट या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. बंजारा हिल्सवरची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आपल्यातल्या बहुतेक वृद्धांना मोतीबिंदूच्या निमित्ताने ठाऊक असतेच. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी ती १९८७ साली सुरू केली. संस्थेने शहराबाहेर पहिले पाऊल टाकले ते १९९६ साली मुधोळमध्ये, आणि त्या केंद्राला नाव आहे भोसले गोपाळराव पटेल यांचे. नाव वाचूनच आपल्याला त्या मुलखाची बोली ऐकू येते. संस्थेची रचना उतरंडीसारखी आहे. सर्वांत खाली, पन्नास हजार वस्तीमागे एक, असे लहान दृष्टिकेंद्र. तिथे डॉक्टर नसतो. त्याच भागातला, शाळा पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी एक वर्षाचे शिक्षण घेऊन बसते. ती नजर तपासते, चष्मा देते, यंत्रातून बुबुळ आणि भिंग पाहते, आणि शंका आली तर डोळ्याचे चित्र वर पाठवून डॉक्टरला विचारते. त्याच्या वर पाच-दहा लाख वस्तीसाठी मुधोळसारखे शस्त्रक्रियेचे केंद्र, आणि त्याच्याही वर हैदराबाद.

यातली गोम अशी की खालच्या मुलीला काय करता येते आणि काय करू नये हे आधीच स्पष्ट आहे, आणि विचारल्याबद्दल तिला कोणी कमी लेखत नाही. चष्मा देण्यासाठी ती वर विचारीत बसत नाही. काचबिंदूचा संशय आला तर ती स्वतःच्या मनाने थेंबही घालीत नाही. गावच्या पोरीने दिलेल्या चष्म्याने आजोबांना पोथी वाचता येते, तेव्हा गावाला तिचा भरवसा वाटू लागतो. त्या भरवशावरच पुढे मधुमेही माणूस तिच्यापुढे डोळा तपासायला बसतो.

आता किनवटकडे जाऊ. माझ्या बहिणीची नात आयुर्वेदाची पदवी घेऊन तिकडच्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात साधारण तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असते, त्यातलेच हे एक. येणारे लोक गोंड, कोलाम, आंध, लमाण आणि थोडे आपल्यासारखे. तिला मराठी चालते, पण म्हातारी कोलाम बाई आपले दुखणे कोलामीतच सांगते, आणि मध्ये आशाताई दुभाषी. मोठे आजारपण निघाले की नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ. रेघ १९५६ ची. पण आजारी माणूस अजून जुन्याच जिल्ह्याच्या गावी जातो.

या मुलीने दोन्ही तऱ्हांच्या शाळा पाहिल्या आहेत. एका अभ्यासक्रमात दोन दोन तासांची व्याख्याने होती, सगळी इंग्रजी चित्रफलकांवर. बोलणारे बोलत, ऐकणारे शे-दोनशे, आणि प्रश्न लिहून पाठवायचा तर तो कोणी वाचीत नसे. “मामाआजोबा, मी मोबाइल चालू ठेवून नोंदवही भरत बसायची,” ती म्हणाली. शेवटी प्रमाणपत्र आले. ते उपकेंद्राच्या भिंतीवर आहे आणि त्याच्यामागे पालीने घर केले आहे.

दुसरी शाळा आठवड्यातून एकदा, दुपारी, तासाभराची. पंधरा-वीस जणी, एक शिकविणारे डॉक्टर, आणि नियम एकच की रोगी मांडायचा. तिने पहिल्या खेपेला मांडलेली बाई पंचेचाळीस-पन्नाशीची होती. तक्रार काय, तर “जीव घाबरतो”. आपल्या भाषेत याचा अर्थ काहीही होतो. सुनेशी भांडण झाले तरी बाईचा जीव घाबरतो. तपासणीत काही सापडले नाही म्हणून नातीने धीर दिला आणि घरी पाठविली होती. त्या तासात चर्चा अशी झाली की बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ येईलच असे नाही. घाम, धाप, मळमळ, अंगातले त्राण जाणे, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, एवढ्यावरही तो येऊ शकतो, आणि मधुमेह असेल तर अधिकच सावध राहावे. त्या पहिल्या बाईला पुन्हा बोलावून तपासले. तिचे दुखणे खरोखरच निराळे निघाले. पण दोन महिन्यांनी दुसरी एक बाई तेच शब्द घेऊन आली, अंगाला गार घाम, मधुमेह जुना. या वेळी नातीने अॅस्पिरिन चघळायला दिली, हृदयाचा आलेख काढता आला नाही तरी वाट पाहिली नाही, आणि रुग्णवाहिका बोलावून आदिलाबादेस धाडली. बाई वाचली. मी हे सांगताना नात शेजारी असती तर तिने मला अडविले असते. तिच्या मते त्यात सांगण्यासारखे काही नाही, “हे तर शिकवलंच होतं” एवढेच तिचे म्हणणे.

शिकविले पुष्कळांना जाते. तिला त्या दिवशी गोळी देण्याची मुभा होती, गोळी कपाटात होती, आणि रोगी वर पाठविल्याबद्दल कोणी रागावणार नव्हते. या तिन्हींतले एक जरी नसते तरी तो दुपारचा तास फुकट होता. दूरशिक्षणाचा गौरव करणारे लोक ज्ञानाविषयी फार बोलतात आणि मुभेविषयी कमी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून काम केले. तिथल्या ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, श्वास न घेणारे बाळ सावरायला आणि जंतुदोष झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकविले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ते जवळ राहून दिलेले शिक्षण होते, दुरून नव्हे. त्या बायकांना दर काही दिवसांनी येऊन पाहणारे, चुकले तर सांगणारे माणूस होते. २०११ पासून घरी जाऊन बाळ पाहण्याचे हे काम देशभरच्या आशांकडे आले. तराजू आला, तापमापक आला, सहा-सात भेटींचा नियम आला. इंजेक्शन मात्र तिच्या हाती आले नाही. २०१४ साली काही अटींवर ते परिचारिकेपर्यंत पोहोचले. सावधगिरी मला समजते. चुकीच्या हातातले इंजेक्शन मी आमच्या आळीतही पाहिले आहे. पण जी कृती करू द्यायची नाही ती शिकविण्यात काय अर्थ, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागेल, आणि त्याचे उत्तर शाळेने नव्हे, सरकारने द्यायचे आहे.

मुभा डॉक्टरालाही लागते, हे आणखी एक. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने २००६ च्या सुमारास आडगावच्या मिशन दवाखान्यांतील डॉक्टरांसाठी कुटुंबवैद्यकाची दोन वर्षांची पदविका दुरून शिकवायला घेतली. कमी रोगी वर पाठवा, जास्त तिथेच बरे करा, अशा अर्थाचे नाव त्यांनी या कामाला दिले. पुस्तके घरी येतात, अधूनमधून एखाद्या दवाखान्यात सगळे जमतात, आणि तिथे रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून शिकतात. नुसत्या पडद्याने पोट दाबून पाहता येत नाही हे त्यांनी पहिल्यापासून ओळखले. दूरशिक्षण म्हणजे कायम दूर राहणे, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

राहता राहिली भाषा. नातीच्या त्या तासाला शिकविणारे डॉक्टर जन्माने तेलुगू आहेत. त्यांना मराठी समजते, पण ती पुस्तकी. “अंगावरून जाते” असे बाई म्हणाली म्हणजे काय, हे त्यांना प्रथम कळले नाही, आणि बाई तर डॉक्टर पुरुष आहे म्हणून त्यापुढे एक शब्द बोलणार नव्हती. महिनोन्‌महिने रक्तस्राव होऊन जिचे रक्त आटलेले आहे अशी बाई या एका शब्दप्रयोगामागे उभी असू शकते. तेव्हापासून नातीने एक वही केली आहे. डाव्या बाजूला लोक जे म्हणतात ते, उजव्या बाजूला त्याचा वैद्यकातला अर्थ, एक असेल तर एक, चार असतील तर चार. धाप, कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अंगात कसर, पोटात गोळा उठणे, हातापायांची आग. गोंडी आणि कोलामी शब्द आशाताई सांगतात. ती वही दर महिन्याला शिकविणाऱ्या डॉक्टरांकडे जाते आणि आता तेच तिच्याकडून शिकतात.

गेल्या दिवाळीत ती काचीगुड्याला आमच्याकडे आली होती. घरातल्या वयस्क बायका फराळाला बसल्या होत्या, आणि हिने वही उघडून विचारायला सुरुवात केली. मोडशी म्हणजे नुसते अपचन की त्यात कणकणही धरायची, यावर माझी वहिनी आणि तिची परभणीची विहीण यांचा अर्धा तास वाद झाला. वहिनीच्या मते मोडशीत अन्नावर वासना नसते आणि ताप नसतो. विहीणबाई म्हणाल्या की त्यांच्याकडे पोट बिघडून अंग मोडून आले की मोडशीच म्हणतात. नातीने दोन्ही अर्थ लिहून घेतले आणि पुढे कंसात परभणी, हैदराबाद अशी नावे घातली.